चवथीचं पान आणि जुने कागद

सणाचं पान वाढायला घेतलं की आधी मीठ पडतं, बाकीचं त्याच्या मागून. मालवण-वेंगुर्ले पट्ट्यातल्या स्वयंपाकघराचा माग जुन्या कागदांतून काढायला बसलं, तर तिथेही लवकर हाताला लागतं ते मीठच. डिसेंबर १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना धाडलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पत्राचा विषय जकात. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त होतं, व्यापारी तिकडे वळत होते आणि स्वराज्यातल्या संगमेश्वरकडच्या मिठाचा उठाव पडत होता. तेव्हा बारदेशाहून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते महाग पडेल आणि आपली मिठागरं जगतील, असा हुकूम आहे.

इतिहासाचे अभ्यासक हे पत्र अर्थकारणाचा दाखला म्हणून वाचतात आणि ते योग्यच आहे. पण त्यातून आणखी एक गोष्ट निघते. कुडाळच्या चुलीवर बारदेशचं मीठ सहज पोचत होतं. राज्याची हद्द बारदेशाच्या वेशीवर संपत असेल, बाजाराची हद्द तिथे संपत नव्हती. पुढे या किनाऱ्याच्या जेवणात जे जे बदललं, त्याची सुरुवात बहुतेक वेळा अशाच कुठल्या तरी बंदरातून, घाटातून किंवा नाक्यावरून झाली.

इथे एक अडचण आधीच सांगायला हवी. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, कोणत्या घरात काय रांधलं, हे लिहून ठेवण्यासाठी जुन्या काळी कोणी लेखणी उचलली नाही. जकातवाल्याने जकात लिहिली, वैद्याने औषध लिहिलं, पाद्र्याने पाप लिहिलं, कलेक्टरच्या कचेरीने पीकपाणी लिहिलं. रांधणारी बाई या सगळ्या कागदांच्या मागे उभी आहे आणि एकाही कागदात तिचं नाव नाही. म्हणून कागद काय सांगतो, पाऊस आणि माती काय ठरवतात आणि तर्काने काय जुळवावं लागतं, या तीन गोष्टी मी वेगवेगळ्या ठेवणार आहे. त्या एकत्र कालवल्या की ‘आमच्याकडे पूर्वीपासून असंच’ हे वाक्य तयार होतं, आणि त्या वाक्याने खऱ्या इतिहासाचं फार नुकसान केलं आहे.

वैद्याचा कागद आधी घेऊ. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि १५६३ मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचा आपला संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला. त्यात भिरंडांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, नोंद आहे. फळ आंबट, आतून लालभडक, त्याची साल ठेवून तिचा आंबटपणासाठी वापर होतो, असं तो सांगतो. म्हणजे आज आपण जी सोलां माशाच्या कढीत टाकतो, तीच साल साडेचारशे वर्षांपूर्वी या पट्ट्यात जपून ठेवली जात होती. इतका जुना आणि इतका नेमका दाखला इथल्या फार थोड्या जिनसांच्या वाट्याला आला आहे.

त्याच ग्रंथात मिऱ्यांवर सविस्तर संवाद आहे. मिरचीवर स्वतंत्र संवाद नाही आणि काजूवरही नाही. काजूचं झाड १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाँ द अकोश्ता या दुसऱ्या वैद्याच्या ग्रंथात येतं, आणि तेही कोचीनच्या बागांतलं. ग्रंथात नाही म्हणजे गावात नव्हतंच, असा निष्कर्ष काढता येत नाही. पण एवढं म्हणता येतं की १५६३ मध्ये गोव्यात बसलेल्या चौकस वैद्याला मिरची आणि काजू यांच्यासाठी वेगळं प्रकरण लिहावंसं वाटलं नाही. आज मालवणी मसाल्याची पुडी म्हणजे लाल रंग आणि ठसका असं समीकरण झालंय. मिरचीच्या आधीचा ठसका कशाचा होता? मिरी आणि तिरफळ या पट्ट्यात होतीच. बांगड्याच्या किंवा तारल्याच्या आमटीत अजून ठेचलेली तिरफळं पडतात, वर सोलां पडतात. मिरची वजा करून त्या आमटीची कल्पना केली, तर जुन्या चवीच्या बरंच जवळ जाता येईल असं मला वाटतं. हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

मिरचीची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. ऋषीपंचमीची ठाऊक नसते. चवथीच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही या नेमाने, परसातल्या पालेभाज्या, शेंगा, कंद एकत्र शिजवतात. अळू, सुरण, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, मक्याची कणसं. काही घरांत रताळंही. वर फोडणी नाही किंवा नावाला, मसाला जवळजवळ नाहीच. चव अगदी साधी आणि नाव ऋषींचं, त्यामुळे हे आपलं सगळ्यात जुनं जेवण असा समज पक्का होतो. पण त्या टोपात मका, लाल भोपळा आणि रताळं आहे, आणि या तिन्हींचं मूळ अमेरिकेत आहे. कोलंबसाच्या आधी कुठल्याही ऋषीला मक्याचं कणीस मिळणं शक्य नव्हतं. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी मक्यापासून जिलबीपर्यंत अनेक खाद्यपदार्थांचा माग पोथ्यांतून काढला. ते देवरुखचे, म्हणजे कोकणातलेच. त्यांच्यासारखा शोध घेतला की नेम आणि जिन्नस यांची वयं वेगळी असतात हे कळतं. नेम जुना असू शकतो. नांगराविना, परसात, पावसावर येणारं खायचं, हा त्याचा गाभा. मका आणि भोपळा त्या अटीत बसले, म्हणून त्यांना आत घेतलं गेलं. बाहेरून आलेल्या पिकाला देवाच्या पानावर जागा देताना इथल्या बायकांनी त्याची जात विचारली नाही, ते परसात येतं का एवढंच पाहिलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

याच्या उलट गणपतीच्या डोक्यावरची माटवी. तिला कवंडळं, कांगण्या, शेरवडाची पांढरी पानं, असोला नारळ, सुपारीचं शिपटं, आंब्याचे टाळ बांधतात. बहुतेक सगळं रानातलं आणि कुळागरातलं. जे शिजायचं नाही ते बदललं नाही, जे शिजायचं ते बदलत गेलं.

आता पाद्र्याचा कागद. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये एक जाहीरनामा काढला. बाटलेल्या कुटुंबांनी कोणत्या जुन्या चालीरीती सोडायच्या याची ती लांबलचक यादी आहे. अनंत काकबा प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या आपल्या १९६१ च्या ग्रंथात तिची ओळख करून दिली. दारची तुळस काढा, असं त्यात आहे. आणि हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवू नका, असंही आहे. भात अळणी शिजवायचा आणि मीठ पानात वेगळं वाढायचं, ही रीत आजही आपल्या डोळ्यांसमोरची आहे. ती इतकी ओळखीची होती की भाताच्या मडक्यात मीठ आहे की नाही यावरून माणसाचा धर्म ओळखायचा प्रयत्न झाला. मनाई करणाऱ्याला मनाई करण्यासाठी आधी नीट पाहावं लागतं, म्हणून अशा क्रूर कागदातसुद्धा स्वयंपाकघर स्पष्ट दिसतं. मनाईचं कलम हे ती रीत तोवर चालू असल्याचा पुरावा असतं.

पण तुळशीवर नजर ठेवणाऱ्यांना हळदीच्या पानाचं काही करता आलं नाही. गोव्यातली ख्रिस्ती घरं १५ ऑगस्टला, मारियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, पातोळ्या करतात. आमच्याकडे नागपंचमीला आणि पुढे चवथीच्या दिवसांत पातोळ्या होतात. तारखा जवळजवळ का, हे समजायला दफ्तर लागत नाही, हळदीचं रोप पुरे. मिरगाच्या पावसावर कंद लावला की श्रावण-भाद्रपदात पान हातभर होतं, कोवळं असतं आणि वास भरपूर देतं. पुढे ते पिवळं पडतं. म्हणजे पातोळीचा मुहूर्त पंचांगाने ठरवला त्याच्या आधी पानाने ठरवला.

पातोळी होते कशी ते जवळून पाहू. सुरय तांदूळ भिजवून गंधासारखे बारीक वाटतात. पान धुऊन, पुसून, मधली शीर पाठीमागून हलकेच चेपून घेतात. त्यावर वाटण चार बोटांनी सारवल्यासारखं पसरतात, कडेला अर्धं बोट जागा सोडून. फार जाड झालं तर पीठच लागतं, फार पातळ झालं तर पान सुटताना फाटतं. मधोमध चून, म्हणजे गुळात शिजवलेलं ओलं खोबरं, वेलदोड्याची पूड घातलेलं. पान उभं दुमडून उकडायला ठेवायचं. झाकण काढलं की वाफेबरोबर जो वास येतो तो हळदकुंडाचा नव्हे, पानाचा. सोलताना शिरांची नक्षी पिठावर उमटलेली असते. मीठ फक्त वाटणात, चिमूटभर. ही कृती वेंगुर्ल्याच्या हिंदू घरात आणि बारदेशातल्या ख्रिस्ती घरात थोड्याफार फरकाने सारखीच आहे. नेवऱ्यांचंही तेच, आमच्या चवथीला आणि त्यांच्या नाताळाला.

यातला गूळ मात्र परसातला नाही. किनारपट्टीला ऊस बेताचा. गूळ मुख्यतः घाटावरून, कोल्हापूरकडून, आंबोली-फोंड्याच्या वाटेने उतरायचा आणि उलट दिशेला नारळ, सुपारी, मीठ, सुकी मासळी चढायची. मोदकातल्या चुनात किनारा आणि घाट असे एकत्र शिजतात.

भाताचं काय? इथे कागद दोन टोकांना दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डच लोकांची वखार होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. गोव्याची नाकेबंदी करणारी डच गलबतं इथे शिधा भरायची. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए या बंदराची, इथल्या पाण्याची आणि तांदळाची तारीफ करतो, वेलदोड्यांचंही नाव काढतो. आता जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली १८८० मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड उघडा, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा. तिथे कष्टकरी माणसाच्या रोजच्या खाण्यात नाचणी, वरी आणि हरीक दिसतात. भात मोठ्या दिवसांचा.

दोन्ही कागद खरे आहेत. बंदरात उत्तम तांदूळ मिळत होता म्हणून गाव तो रोज खात होता असं होत नाही. विकण्याजोगा तांदूळ विकला जायचा, खंडात जायचा. आणि चवथ येते त्या दिवसांत शेतातलं भात अजून पोटरीला किंवा दाण्यावर असतं, हळवं पीकही कापणीला आलेलं नसतं. कणगीत उरलेलं भात गेल्या हंगामाचं, तळाला गेलेलं. वर्षातल्या सगळ्यात ओढगस्तीच्या आठवड्यांत हा सण पडतो, आणि त्याच सणाला मोदक, पातोळ्या, घावणे, वडे, सगळं तांदळाचं. आज हे पदार्थ साधे, घरगुती वाटतात. १८८० च्या कुळाच्या घरी ते साठवून, राखून, कधी उसनं आणून केलेले असणार. गौरीला शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी आणि भाकरी दाखवतात. ही भाजी फुकटची, कुंपणावरची. तांदळाची उधळण आणि कुंपणावरचा पाला एकाच सणात का, याचं उत्तर मला या ओढगस्तीत दिसतं. ‘गरिबाची गौरी भाजी-भाकरीवर प्रसन्न होते’ ही सांगण्याची गोष्ट. दाणे संपत आलेत ही त्यामागची वस्तुस्थिती.

नवं भात घरात आल्यावर पान कसं बदलतं पाहायचं तर चावदिस, म्हणजे नरकचतुर्दशी, पाहावी. दिवाळीच्या पहाटे तुळशीकडे कारीट फोडलं की घराघरांत नव्या भाताचे पोहे: गोडे, तिखट, दुधातले, दह्यातले, नारळाच्या रसातले. एकाच जिनसाचे पाच-सहा प्रकार करण्याची हौस कणगी भरलेली असतानाच सुचते.

दरम्यान माणसं मुंबईला निघाली होती. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक सव्वा लाखाच्या घरात होते. आजच्या सिंधुदुर्गातले मालवण-वेंगुर्ले तेव्हा त्या जिल्ह्यातच होते, सावंतवाडी मात्र वेगळं संस्थान होतं; सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ ला. शहराची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास. गिरणीतल्या पगारातून मनीऑर्डर गावी यायची आणि वाण्याकडची उधारी फिटायची. पण चाकरमानी स्वतः चवथीला येत होता का? आपण आज धरूनच चालतो की चवथ म्हणजे चाकरमान्यांचा सण. किनाऱ्याच्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत. चवथ ऑगस्टअखेर आली तर दर्या खुला झालेला नसे. मग कोल्हापूरपर्यंत रेल्वे, ती १८९१ मध्ये झाली, आणि तिथून घाट उतरून गाव. ज्याला हे परवडे तो येई. शिमग्याला किंवा मे महिन्यात आगबोटीने येणं कितीतरी सोपं. १९४८ मध्ये एस.टी. सुरू झाली, मग मुंबई-गोवा रस्ता सुधारला आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली. भरगच्च चवथीचं जे चित्र आपण परंपरा म्हणून सांगतो, त्यातली गर्दी तरी बऱ्याच अंशी या रस्त्याची आणि रुळांची देणगी आहे.

गर्दी आली तसं जेवण बदललं. रात्री वाडीवरची भजनी मंडळं घरोघर फिरतात. त्यांच्यासमोर उसळ-पाव येतो आणि चहा. पाव हा पोर्तुगिजांच्या भट्टीतून आलेला, एके काळी धर्म बुडवणारा मानलेला जिन्नस. तो आता गणपतीच्या मांडवात, आरतीनंतर, कुणाच्याही मनात किंतु न येता खाल्ला जातो. काळे वाटाणे भिजवून, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावून केलेली ती उसळ वीस-पंचवीस माणसांना एका टोपात पुरते. तेवढ्या माणसांना ऐन मध्यरात्री घावणे घालत कोण बसणार? बदल रांधणाऱ्या बाईच्या कंबरेला झेपेल असाच झाला, हे कुणी लिहिलेलं नाही, पण चुलीपुढे उभं राहिलेल्या कुणालाही ते पटेल.

ही गर्दी येण्याआधी, मार्च १९४२ मध्ये, रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मुंबईत मे १९४३ पासून रेशनिंग आलं. स्वतःच्या तांदळावर वर्ष न निघणाऱ्या कोकणाला हा फटका किती बसला असेल हे वेगळं सांगायला नको. चवथीच्या पानावर तांदळाला त्यानंतर रेशनकार्डाची साथ लागली.

काजूची गंमत वेगळी. चारशे वर्षं कुंपणावर आणि डोंगरउतारावर उगवणारं हे झाड खऱ्या अर्थाने पीक झालं ते वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रामुळे. केंद्र १९५७ चं. पुढे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे ते आलं. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या कलमांनी बागा उभ्या राहिल्या, १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने पडीक वरकस जमिनी भरल्या. ओल्या काजूगरांची उसळ हा मार्च-एप्रिलचा पदार्थ. आता गर सोलून बर्फपेटीत ठेवतात आणि चवथीला काढतात. मोसम मोडून पानावर आलेला हा बहुधा पहिला स्थानिक जिन्नस. माझा त्याला विरोध नाही, चवीला ती उसळ उत्तमच लागते. पण भाद्रपदाच्या पानाचं व्याकरण पाऊस ठरवत होता, ते इथे पहिल्यांदा विजेने ठरवलं. २०१६ मध्ये वेंगुर्ला काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. ओर्ताच्या नोंदीनंतर साडेचारशे वर्षांनी भिरंडांच्या सालीची पुन्हा एकदा कागदोपत्री दखल घेतली गेली.

छापील पाकपुस्तकांत मात्र हा किनारा उशिरा आणि तुटक येतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चं, मुंबईच्या पाठारे प्रभू घरातलं, मासळी-मटणापासून इंग्रजी पदार्थांपर्यंत सगळं सामावून घेणारं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची, आणि तिने मराठी मध्यमवर्गाला स्वयंपाकाची एक सामाईक भाषा दिली. मालवणच्या मुली मुंबईत संसार मांडताना ही पुस्तकं वापरत, आणि गावचं खाणं तोंडी, सुट्टीत, सासू किंवा आईच्या हाताखाली शिकत. शहरातल्या खानावळींनी मग त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. कोंबडी-वडे हे त्याचं ठळक उदाहरण. वड्यांचं तांदळाचं आणि डाळीचं, मेथी-धणे घातलेलं रवाळ पीठ घरी आधी आठवतं ते म्हाळाच्या दिवशी, पितरांच्या पानावर, शेजारी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि खीर. कोंबडी त्याच वड्यांबरोबर पाहुण्यांसाठी यायची, देवाच्या राखणीच्या निमित्ताने यायची. आता मुंबईत वाढलेल्या मुलाला वडे म्हटलं की फक्त कोंबडी आठवते आणि म्हाळाच्या पानावरचे वडे पाहून तो विचारतो, रस्सा कुठे आहे?

आणखी एक दफ्तर आहे, आणि ते कुठल्याही अभिलेखागारात नाही. प्रत्येक घरात चवथीच्या आधी वाणसामानाची यादी होते. कित्येक घरांत त्या याद्या जुन्या चोपड्यांत, पंचांगाच्या कोऱ्या पानांवर, मनीऑर्डरच्या पावत्यांच्या पाठीवर शिल्लक आहेत. गूळ किती शेर, साखर कधीपासून, काळे वाटाणे किती पायली, तेल खोबरेल की शेंगदाण्याचं, मिरची बेडगी की लवंगी, पाव कोणत्या वर्षी पहिल्यांदा. वर मी जिथे जिथे ‘असणार’ आणि ‘बहुधा’ लिहिलं, तिथे या याद्या ठाम वर्ष घालू शकतात. घर दुरुस्त करताना, माळा झाडताना हे कागद आधी बंबात जातात. तसं करण्याआधी त्यांचे फोटो काढा, मागे गाव, वाडी आणि साल लिहा, घरात तेव्हा किती माणसं जेवायला होती तेही लिहा. सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरासारख्या जवळच्या जुन्या ग्रंथालयात एक प्रत ठेवायला द्या. यादीखाली नाव टाकायचं तर ज्याने सामान आणलं त्याचं टाकतात. जिने ते रांधलं तिचंही टाका.